कापडावरचा तांडा

"यंदाची तीज शेवटची," तांड्याचा म्हातारा नाईक नेमसिंग म्हणाला. "पुढच्या सालापासून ज्यानं त्यानं आपापल्या गावात करावी."

लोहाऱ्याच्या समाजमंदिरातल्या बायका गाता गाता थांबल्या.

तांडा धरणात बुडाला तेव्हा माणसं पांगली. कोणी मुकुटबनला गेलं, कोणी बाभुळगावला, कोणी इथं लोहाऱ्याला आलं. वर्षातून एकदा तिजेच्या सणाला सगळे भेटत. आता येणारे कमी होत चालले होते.

"पोट्टे इचारून राह्यले, आपला तांडा कोनता? काय दाखवू त्यायले? पानी?"

मग बिजलीबाई उठली. केस पिकलेली, कमी बोलणारी बाई. तिनं बगलेतलं गाठोडं सोडलं आणि सतरंजीवर एक लांबरुंद लाल कापड पसरलं. सासू सुखीबाईच्या बाजेपाशी बसून तिनं ते कितीतरी वर्षं भरलं होतं. म्हातारी जुन्या दिवसांचं अखंड बडबडत राही, ही सुई चालवत राही.

पिवळ्या दोऱ्यात घरं होती. काचा लावलेली विहीर होती. चिंचेखाली शेळ्या होत्या.

"अरे, हा ओटा आमचा!" रामधन ओरडला. "बाप इथंच बसे!"

पूनमसिंगला त्याचा गोठा सापडला. बायका गुडघ्यांवर बसून बोटांनी वाटा शोधू लागल्या. कोणी हसत होतं, कोणी पदरानं डोळे पुसत होतं.

नेमसिंग लांबच उभा होता. शेवटी तोही वाकला. एका निळ्या दारात घागऱ्यातली एक बाई उभी होती, कडेवर शेळीचं पिल्लू घेऊन.

"याडी," तो म्हणाला. आईचा एकही फोटो त्याच्याकडे नव्हता.

त्यानं त्या निळ्या दारावरून बोट फिरवलं. मग त्यानं बाहेर खेळणाऱ्या नातवंडांना हाक मारली. "या रे इकडं! आपला तांडा पाहा!"

पोरं धावत आली, कापडाभोवती दाटी झाली.

"तीज इथंच होईन," नेमसिंगनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "दरसाल. सगळ्यायनं यायचं."

बायकांनी गाणं पुन्हा उचललं, आधीपेक्षा मोठ्यानं. त्या आवाजात नेमसिंगनं बिजलीबाईपुढं हात जोडले.

"आमी तिथं वाढलो अन् भुलून गेलो, बाई. तुले एवढं ध्यानात कसं राह्यलं?"

बिजलीबाई हसली.

"ध्यानात कायचं, दादा? तांडा बुडाला तवा मी जन्मलीच नोती."