आईचा काढा

“काढा अजून चालू आहे ना?” डॉक्टर नायडूबाईंनी रिपोर्टवरून नजर न उचलता विचारलं.

मफानाफुथी म्खिझेने नाही म्हणून सांगितलं. बाईंचा विश्वास बसला नाही, आणि बसावा तरी कशाला. एचआयव्हीची सगळ्यांना देतात ती जुनी गोळी त्याच्या किडन्यांना बाधते म्हणून त्यांनी ती केव्हाच बंद केली होती, दुसरी सुरू केली होती. आता किडन्या सावरायला हव्या होत्या. त्या आणखीच खालावल्या होत्या.

“हे बघा म्खिझे, डायलिसिसची मशीन थोडी आणि माणसं भरमसाट. कोणाला द्यायचं ते समिती ठरवते. सांगितलेलं न ऐकणाऱ्याला ते दारातही उभं करत नाहीत. मी तुमच्यासाठी कोणत्या तोंडाने भांडू?”

डर्बनच्या सरकारी दवाखान्यात मशीन नाही म्हणजे मरण. हे कोणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

त्याचा संशय आईवर, मामथेथ्वावर गेला. ती गावाहून आली की मुळ्यांचा काढा घेऊन यायची. त्याने तो सोडला होता, पण म्हातारी हट्टी. जेवणात मिसळत असणार. त्याने घरी जाऊन तिच्या बाटल्या अंगणातल्या नळाखाली ओतल्या. शेजारणी कुंपणाला टेकून बघत राहिल्या.

“माझं दूध पीत होतास तेव्हा नाही विचारलंस त्यात काय आहे ते,” आई म्हणाली.

त्याने तिला गावच्या टॅक्सीत बसवून दिलं. आजारी माणूस निर्दय होतो, आणि आपल्या माणसांशी जास्तच.

बायको ह्लेंगीवे मधे पडली नाही. सासूची बाजू घ्यावी तर नवरा चिडणार, नवऱ्याची घ्यावी तर घराणं बोलणार. ती अलीकडे फार वाळली होती, गळ्याची हाडं दिसायला लागली होती. माझ्याच काळजीने झिजतेय, असं त्याला वाटे आणि आतून बरंही वाटे. किडन्या ब्लडप्रेशरमुळे गेल्या, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. एचआयव्हीचं तिला माहीत नव्हतं. गोळ्या कारखान्यातल्या कपाटात, व्हिटॅमिनच्या डबीत असत.

मागे घरोघर रक्त तपासणाऱ्या नर्स आल्या होत्या, तेव्हा त्याने त्यांना फाटकातूनच हाकललं होतं. म्खिझेंच्या घरात ही असली घाण नाही, हे त्याने अख्ख्या गल्लीला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर मात्र मुकाट्याने गोळी घेतली. अब्रू अशीच राखतात तिकडे.

त्यानंतर तर ह्लेंगीवे त्याला फारच जपायला लागली. संध्याकाळी मक्याची आंबट आंबील करायची आणि तो पेला रिकामा करेपर्यंत समोरून हलायची नाही. मित्र चिडवत, बायकोने तुला तान्हं करून ठेवलंय म्हणून.

आई गेल्यावरही रिपोर्ट बिघडतच गेले. पायांवर सूज चढली. या खेपेला नायडूबाईंनी लघवीत एक नवी पट्टी बुडवली आणि खुर्ची मागे सारली.

“काढा नव्हे. तुम्ही जुनीच गोळी खाताय. अजून.”

त्याने पूर्वजांची शपथ घेतली. जुन्या गोळ्या स्वतःच्या हाताने परत केल्याचं सांगितलं. नर्सने त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

“पट्टी खोटं बोलत नाही, म्खिझे,” बाई म्हणाल्या. “समितीपुढे मी तुमचं नाव नेणार नाही.”

त्याला माणसांनी भरलेल्या टॅक्सीत रडू आलं, आणि लोक बघतायत याची पहिल्यांदाच लाज वाटली नाही. मरायचंच आहे तर खोटं कशाला सांभाळायचं? घरी आल्या आल्या त्याने ह्लेंगीवेला समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. आजार, गोळ्या, कपाटातली डबी, बंद केलेलं औषध, दवाखान्याने लावलेला बट्टा.

ती ओरडली नाही.

“म्हणजे तुम्ही आधीपासूनच गोळ्या घेत होतात?”

“तुझ्या आधीपासून.”

“मला अयांदाच्या वेळी कळलं. पोटुशी असताना रक्त तपासतात ना, तेव्हा. त्या नर्सना हाकललंत, तेव्हा वाटलं, हा माणूस मरेल पण या आजारासाठी दवाखान्याची पायरी चढणार नाही. मग मी माझी गोळी तुम्हाला द्यायला लागले. आंबिलीत कुटून. रोज.”

त्याने तिच्या गळ्याच्या हाडांकडे पाहिलं.

“आणि तू काय घेत होतीस?”

“माणशी एकच देतात, अयांदाचे बाबा.”