आतून दिसणारा डाग

“डावीकडे. अजून खाली. अहो, तिथे नाही, खाली!”

गाडीत बसलेल्या बायकोनं पुढच्या काचेवर आतून नखानं टकटक केलं. बाहेर बॉनेटवर वाकलेल्या चष्मेवाल्यानं टकटकीच्या रोखानं फडकं नेलं आणि घासायला लागला. पाण्याचे डाग बाहेरून धड दिसत नाहीत. बाहेरून काचेत आकाश दिसतं, समोरची इमारत दिसते, स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसतं. डाग दिसतात ते आतून, उजेडाकडे तोंड करून बसलेल्याला. म्हणून हे दोन माणसांचं काम. त्याच्या चष्म्याच्या दुकानाची दर्शनी काचही दोघं इतकी वर्षं अशीच साफ करत आली होती. ती आतून दाखवणार, तो बाहेरून घासणार.

डाग पडले त्याला कारण तोच. आठ महिने गाडी कुंपणाला लागून एकाच जागी उभी होती आणि पलीकडच्या बागेतला फवारा रोज सकाळी तिच्यावर पाणी उडवत होता. क्षारांचं पाणी ते. उन्हात वाळलं की पांढरी वर्तुळं उठतात आणि मग साबणाला दाद देत नाहीत. गाडी चालवली असती तर ही वेळ आली नसती. पण बायको बहिणीकडे गेल्यापासून त्याला कुठे जावंसंच वाटत नव्हतं.

भांडण म्हणावं, तर तेही झालं नव्हतं. तो दुकानात चष्म्याची काच घासत बसला होता. “मी काही दिवस ताईकडे जाऊ का?” असं तिनं विचारलं आणि यानं मान वर न करता “हं” म्हटलं. जगाला जवळचं-लांबचं दाखवणाऱ्या या माणसाला बायको रुसलीय हे दिसायला घराला लागलेलं कुलूप बघावं लागलं. तिला वाटलं, न्यायला येईल. याला वाटलं, राग गेला की येईल आपणहून. हट्टाच्या बाबतीत दोघंही एकमेकांना हार जाणारे नव्हते. काही दिवसांचे आठ महिने झाले.

आता गाडी विकायची होती. “काच तेवढी साफ करून ठेवा, संध्याकाळी येऊन घेऊन जातो,” असं गिऱ्हाईक सांगून गेलं होतं. बायको आली ती तिच्याजवळची दुसरी किल्ली द्यायला. किल्ली काय, कुणाबरोबरही पाठवता आली असती. ती स्वतः आली. पण एवढं लक्षात येईल तर तो आपला चष्मेवाला कसला! किल्ली त्याच्या हातात ठेवून ती वळणार, तेवढ्यात तो म्हणाला, “जरा आत बसतेस? मला एकट्याला डाग सापडत नाहीत.” आठ महिने मनात जुळवलेल्या सगळ्या वाक्यांपैकी तोंडातून एवढंच बाहेर पडलं.

ती बसली.

त्यानं व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं काचेवर अंथरून डाग मऊ पडू दिले. मग चष्म्याच्या काचांना चकाकी आणायची गुलाबी पूड पाण्यात कालवली आणि बोटाएवढ्या जागेवर गोल गोल घासायला घेतलं. घाई केली की काचेवर ओरखडे उठतात. त्याला घाई नव्हतीच. एकेक डाग निघत होता आणि त्याचा जीव खालीवर होत होता. शेवटचा डाग निघाला की ती उतरणार, गाडी जाणार, मग इथे यायला तिला काही कारणच उरणार नाही. त्याला ती हवी होती. “आज तरी वेळेवर दुकान बंद करा,” असं रोज बजावणारी. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण लांबून हेरणारी. तिच्यावाचून त्याला करमत नव्हतं आणि हे तिला सांगायला हवं होतं. तो तोंड उघडायचा, की ती पुढच्या डागावर बोट ठेवायची.

ऊन उतरलं. आता एकच डाग राहिला, तिच्या समोरच्या कोपऱ्यात. त्यानं घासला. तिनं टकटक केलं, आहे अजून. पुन्हा व्हिनेगर, पुन्हा पूड. पुन्हा टकटक. त्याच्या खांद्याला कळ लागली. इतका चिवट डाग त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. खरं तर हाही त्यानं पाहिला नव्हताच.

शेवटी फडकं बॉनेटवर टाकून तो दुसऱ्या बाजूनं आत आला आणि तिच्या शेजारी बसला. गाडी लहानशी. कोपराला कोपर लागलं. तिनं हात बाजूला घेतला नाही.

“दाखव बघू, कुठे आहे?”

तिनं बोट ठेवलं. त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला, वाकून नीट पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. बोटाखाली नव्हतं, आजूबाजूलाही नव्हतं. काच केव्हाचीच लख्ख झाली होती. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

“आहे अजून,” ती हळूच म्हणाली. बोट तिनं काढलं नव्हतं.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्यानं काचेला नाक लावून ती इकडून तिकडून न्याहाळली आणि खूश होऊन चष्मेवाल्याच्या बाजूला आलं.

“वा! आरसा केलात की हो काचेचा. द्या किल्ल्या.”

दोन्ही किल्ल्या चष्मेवाल्याच्या खिशात होत्या. त्यानं त्या तिथेच राहू दिल्या.

“माफ करा, गाडी द्यायची नाही,” तो म्हणाला. “हिला अजून डाग दिसतोय.”