कॅप्टनचं पहिलं वाक्य

“कॅप्टनसारखा माणूस अंथरुणात मरत नाही. त्याला समुद्रच लागतो,” मीटरवाल्यांनी खुर्चीतून जगाला बजावलं.

“आधी पाय वर घ्या. फरशी पुसायचीय,” बायको म्हणाली.

त्यांनी पाय वर घेतले आणि त्या अधांतरी अवस्थेतच मोबाइलवर कॅप्टनला बुडवून टाकलं. जहाजासकट. फरशी वाळली तरी पाय खाली आले नाहीत, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की मामला नेहमीचा नाही.

तसा कॅप्टन त्यांचा नव्हता. तो टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेतला. मालिका ऐन वादळात बंद पडली आणि जहाज तिथेच हेलकावे खात राहिलं. मग चाहत्यांनी ग्रुप काढून पुढच्या गोष्टी स्वतःच लिहायला घेतल्या. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तिथून उचलायचं. नियम एकच: लिहिलेलं कुणी पुसायचं नाही, जे काय करायचं ते पुढे करायचं. ‘न्यूट्रल’ नावाने लिहिणाऱ्या ट्रक ड्रायव्हरने एकदा सवयीने जहाजाला हँडब्रेक लावला, तो सहा वर्षं झाली तरी आहे. ‘सुईदोरा’ नावाच्या शिंपीणबाईंनी पुढच्याच भागात त्याला मखमली खोळ शिवून दिली. या मंडळींत मीटरवाले सगळ्यांत ज्येष्ठ. उभी हयात लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे आकडे टिपण्यात गेलेली, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना एकदम मोकळा समुद्र मानवला होता.

बाईंनी यातलं काही वाचलं नव्हतं. “घरात एक कॅप्टन आहे, तेवढा पुरे झाला,” असं त्यांचं मत. त्या दिवशी मात्र नवरा आंघोळीला गेल्यावर त्यांनी मोबाइल उघडला. बुडताना कॅप्टनच्या छातीत डावीकडून कळ येत होती आणि जिना चढल्यासारखी धाप लागत होती. भर समुद्रात जिना कुठला, हे बाईंना विचारावं लागलं नाही. ती कळ त्यांच्या घरातलीच होती. मंगळवारी मीटरवाल्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि ग्रुपवर त्यांनी त्याचा ब्रसुद्धा काढला नव्हता. आपण परत आलो नाही तर कॅप्टन कुणाच्या हवाली करायचा, या विचाराने त्यांनी त्याला आधीच पुढे धाडून दिलं होतं.

बाईंची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, मध्ये बोलायचं नाही. त्या दिवशी त्या मध्ये बोलल्या, थेट ग्रुपवर. “मी यांची बायको. मंगळवारी यांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. घाबरलेत, म्हणून तुमच्या कॅप्टनला बुडवलंय. राग मानू नका.”

संध्याकाळपर्यंत ग्रुप कामाला लागला. कॅप्टन बुडाला, हे पुसता येणार नव्हतं. पण बुडालेल्याला वर काढू नये, असं कुठे लिहिलं होतं? न्यूट्रलने त्याला जाळ्यात ओढून घेतलं आणि किनाऱ्यावरून दवाखान्यात पोचवलं. वाटेतले खड्डे कसे चुकवले, याचीच दोन पानं झाली. ‘रात्रपाळी’ नावाने लिहिणाऱ्या नर्सने तिथून उचललं आणि अख्खा भाग त्याची छाती दाबण्यात घालवला. त्यात एकही विशेषण नव्हतं. सुईदोऱ्याने टाके घातले, आतून पक्के आणि बाहेरून न दिसणारे. मग लिहिलं, ‘कॅप्टनने डोळे उघडले. सगळे पुढे झुकले. तो म्हणाला,’ आणि शिंपीणबाई त्या स्वल्पविरामावर थांबल्या. खाली सूचना होती: “हे वाक्य काका लिहितील. ऑपरेशन झाल्यावर. तोवर कुणी जागचं हलायचं नाही.”

मीटरवाले आधी भडकले. “तू सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मला विचारायचं तरी.”

“नको म्हणाला असतात.”

हे खरं असल्यामुळे त्यांनी विषय बदलला. छाती दाबण्याचा भाग पुन्हा वाचला, चष्मा पुसला आणि ते वाक्याच्या मागे लागले. ‘समुद्राने मला नाकारलं.’ फार नाटकी. ‘मी परत आलोय.’ ते दिसतंच आहे. सोमवारी दवाखान्यात दाखल झाल्यावरही तेच. “‘क्षितिज कुठे आहे?’ कसं वाटतं?”

“खिडकीबाहेर आहे,” बाई म्हणाल्या. “पडदा लावलाय.”

मंगळवारी स्ट्रेचर निघालं तसा त्यांनी बाईंचा हात धरला. “अगं, सापडलं. असं वाक्य आहे, ऐकून सगळे गार पडतील.”

“मग सांगा ना आत्ताच.”

“छे. बाहेर आल्यावर.”

दार बंद झालं. बाई बाकावर बसल्या. सांगून गेले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना तासभर वाटलं. नंतर वाटलं, नाही सांगितलं तेच बरं. सांगायचं राहिलंय म्हणून तरी येतील. ग्रुपवर चाळीस माणसं स्वल्पविरामापाशी ताटकळत उभी होती. कुणी साधा अंगठाही पाठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढल्यावर नर्सने बाईंना पाच मिनिटांसाठी आत सोडलं. मीटरवाल्यांनी डोळे उघडले. बाई पुढे झुकल्या. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना, म्हणून बाईंनी कान अगदी तोंडाशी नेला. त्यांनी पुन्हा सांगितलं. बाई सरळ झाल्या, पदराने डोळे पुसले, मोबाइल काढला आणि त्या स्वल्पविरामापुढे एक अक्षर इकडचं तिकडे न करता लिहिलं:

“आधी माझी कवळी दे.”