फुग्याखालची डबी

खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी! अक्षर न् अक्षर खरं आहे.

माझी सून फुग्याला डबी बांधून आभाळात सोडते, उंचावरच्या हवेत कुठला वायू किती ते मोजायला. सोडण्याआधी ती डबीच्या नळीत हळूच फुंकर घालते. श्वासातला वायू लागून घरातल्या संगणकाच्या पडद्यावरची रेघ टुणकन उडाली, की डबी ठीक.

त्या दुपारी फुगा ढगांच्याही कितीतरी वर गेला, आणि रेघ उडाली. तश्शीच.

"वर कोण गं फुंकतंय?" मी विचारलं.

"आई, गप्प बसा हो," ती म्हणाली, पण चेहरा उतरला होता तिचा.

मग रेघ संथपणे उडतच राहिली, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. फुगा फुटला, डबी तिच्या हवाई छत्रीला लटकत माळावर उतरली, तरी श्वास चालूच. ती आणायला माझा मुलगा गेला होता. सुनेने घाईघाईने फोन लावला.

"अहो, डबीला हात लावू नका!"

"बरं," तो म्हणाला, "मी लांबच उभा आहे."

तेवढ्यात रेघ दुप्पट उडायला लागली, जशी दोन माणसं श्वास घेताहेत.

त्याचं ते बोलणं तेवढं मी पदरचं घातलं हो. फोन त्याने अजून उचललेला नाही.