दीड किलोची नात

"कोणाचा विश्वास बसायचा नाय पोरी, पण ऐक," म्हणत गेणूआबा सुनेच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. नात जेमतेम दीड किलो भरली होती. एवढ्या कमी वजनाच्या बाळांना मोठेपणी शुगर, बीपी व्हायची शक्यता जरा जास्त असते, असं डॉक्टर सांगून गेले, तेव्हापासून हर्षाली भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मी तर हिच्याहून बारका. विंचूरला आज्यानं मला कांद्याच्या तराजूत घातलं. समोरच्या पारड्यात पाच कांदे टाकले, तर मी उडून आढ्याला चिकटलो. शिडी लावून काढलं मला. अन् आज बघ, अठ्ठ्याहत्तर वय. ना शुगर, ना काही."

हर्षालीनं कूस बदलली.

"आबा, आढ्याचं मानलं मी. पण शुगरचं साफ खोटं. रोज सकाळी तुम्हाला इन्सुलिनची सुई कोण टोचतं?"

हर्षालीनं बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

"चोरून जिलबी खाणारा तुमच्यासारखा माणूस इतकी वर्षं सांभाळला मी. ही तर माझी लेक आहे."