न हलणारा कॅमेरा

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले भास्करराव तीस वर्षं हौसेनं फोटो काढत आले होते. हात कापायला लागले तसा जुना जड कॅमेरा पेलेना. म्हणून हिमाचलच्या सहलीसाठी खिशात मावेल असा छोटा कॅमेरा घ्यायला ते कौशल्याबाईंना घेऊन दुकानात आले. दोन कॅमेरे हाताळून पाहिले. दोन्हींत बायकोचा फोटो हलला.

"काका, आ जुओ, हा बघा," गुजराती दुकानदारानं सगळ्यात महागडा कॅमेरा पुढे केला. "यात हात हलला तरी फोटो हलत नाही."

भास्कररावांनी श्वास रोखून बटण दाबलं. तिघंही स्क्रीनवर वाकले. दुकानदारानं लेन्स पुसून पाहिली.

"अहो, मीच हलले," कौशल्याबाई घाईघाईनं म्हणाल्या.

भास्करराव फोटोकडे बघत राहिले. कौशल्याबाईंच्या मागच्या फळीवरची खोकीसुद्धा हलली होती.