पाठीवरचा हात

समुद्राच्या बांधावर समोरून वारा आला की निवृत्त भौतिकशास्त्र-शिक्षक वीबे शेजारी सायकल चालवणाऱ्या बायकोच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकलत असे. ही सवय लग्नापासूनची. विजेची सायकल म्हणजे आळशांचा पाळणा, असे त्याचे जाहीर मत होते. म्हणूनच गुडघे थकल्यावर त्याने मागच्या चाकात गुपचूप मोटर बसवून घेतली आणि बॅटरी सामानाच्या पिशवीत, पावाखाली दडवली.

"सत्तरी उलटली तरी काय जोर आहे रे तुझ्यात," बाजारातून परतताना बायको खेस्के म्हणे, आणि त्याची मान खाली जाई. जन्मभर मुलांना पुरावा मागायला शिकवलेला माणूस बायकोशी धडधडीत खोटे वागत होता.

आज अर्ध्या बांधावरच बॅटरी संपली. उघडे पडण्याआधी आपणच सांगून टाकावे, असे त्याने ठरवले.

"खेस्के, इतके दिवस तुला मी ढकलत नव्हतो गं. माझ्या सायकलला मोटर आहे. आता तीही बंद पडली."

तिने मान वळवली नाही. वेगही कमी केला नाही.



"माझा खांदा घट्ट धर," ती म्हणाली. "माझ्या पिशवीतली बॅटरी अजून अर्धी भरलेली आहे."